कुलूप अडवतं ते पैसे भरणाऱ्यालाच

प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांपूर्वी रीतसर पैसे भरून, ‘कायमचं लायसन्स’ म्हणून घेतलेलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणल्यावर उघडेना. ‘अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे’ एवढंच म्हणतं. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, ही आवृत्ती आता बंद झाली, नवीन घ्या. आणि त्याच सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली, प्रत वापरणाऱ्या मित्राचं काम मात्र एक दिवसही अडलेलं नाही. मग हे कुलूप नेमकं कुणासाठी आहे, आणि आता करायचं काय?

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. त्यातली पहिली नऊ वर्षं मी हीच कुलपं लिहीत होतो: अ‍ॅक्टिव्हेशन, लायसन्स फाइल, डोंगल (यंत्रात खोचायची किल्ली), सगळं. पुढची बरीच वर्षं ही कुलपं अडकली की ग्राहकांचे फोन घेणाऱ्या टीमबरोबर गेली. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आडपडदा न ठेवता देतो. कुलूप तुमच्यासाठीच आहे. तसा कुणाचा हेतू नसतो, पण त्याची घडणच अशी आहे की दुसऱ्या कुणाशी त्याची गाठ पडतच नाही.

जरा उलगडून सांगतो. एरवी आपण माहिती कुलूपबंद करतो तेव्हा तीन माणसं असतात: पाठवणारा, घेणारा आणि मधे कान लावून बसलेला तिसरा. बँकेचे व्यवहार असेच चालतात. किल्ली पहिल्या दोघांकडे असते, तिसऱ्याकडे नसते. डीआरएममध्ये, म्हणजे विकलेल्या डिजिटल वस्तूला लावलेल्या कुलपात, घेणारा आणि तो तिसरा ही एकच व्यक्ती धरलेली असते. ग्राहकाला सिनेमा दिसायला हवा म्हणून किल्ली त्याच्या यंत्रात ठेवावी लागते, आणि तो नक्कल करेल या भीतीने तीच किल्ली त्याच्यापासून लपवावीही लागते. लाखो माणसांना ती सापडत नाही हे खरं, पण एका निष्णात माणसाला सापडली की पुरे. तो एकदा कुलूप काढतो आणि त्यानंतर जी प्रत फिरते तिच्यात कुलूप नसतंच. मायक्रोसॉफ्टच्याच चार अभियंत्यांनी २००२ साली एका शोधनिबंधात हे मांडलं होतं: मोकळी प्रत बाहेर पडली की ती पसरणारच, आणि विकणाऱ्याला सोय आणि किंमत या दोन्ही बाबतींत त्या मोकळ्या प्रतीशी स्पर्धा करावी लागणार.

याचा परिणाम असा की सर्व्हरला विचारणारा, घड्याळ तपासणारा, मदरबोर्डचा नंबर वाचणारा तो सगळा कोड फक्त पैसे भरलेल्यांच्या यंत्रांवर चालतो. कोड म्हटला की त्यात चुका आल्याच, आणि त्या सगळ्या चुका पैसे भरणाऱ्याच्याच पदरात पडतात. तुमच्या मित्राला त्रास झाला नाही यात नवल नाही. त्याच्या प्रतीत तो कोडच चालत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

डीव्हीडीचं उदाहरण जुनं आहे, पण त्यात सगळं लख्ख दिसतं. डीव्हीडीवरच्या सीएसएस नावाच्या कुलपाची किल्ली ४० बिटांची होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये डीसीएसएस हा छोटासा प्रोग्रॅम बाहेर आला आणि ते कुलूप कायमचं निकामी झालं. त्या प्रकरणातल्या नॉर्वेच्या तरुणावर, योन लेक योहानसेनवर, खटला झाला. २००३ मध्ये खालच्या आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडलं, कारण स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतः पाहण्याचा त्याला हक्क होता. आता बघा, १९९९ नंतरही वर्षानुवर्षं तेच फुटलेलं कुलूप लावून डिस्का विकल्या गेल्या. नक्कल करणाऱ्याला त्याचा काडीचाही अडथळा नव्हता. विकत घेणाऱ्याला मात्र रीजन कोड होता. परदेशातून आणलेली डिस्क लागायची नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन मोजून पाच वेळा बदलता यायचा, मग तो तिथेच गोठायचा. सुरुवातीची ‘नक्कल करणे गुन्हा आहे’ ही ताकीद पुढे सरकवता यायची नाही, आणि ती वाचावी लागायची ती नक्कल न करणाऱ्यालाच. पुढे ब्लू-रेचं एएसीएस २००७ मध्ये फुटलं, एचडीएमआय केबलवरच्या एचडीसीपी या कुलपाची मूळ किल्ली २०१० मध्ये बाहेर आली. त्या कुलपांची तपासणी ग्राहकांच्या घरात अजूनही चालू आहे.

आता तुमच्या मदरबोर्डकडे येतो, कारण हा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी प्रोग्रॅम यंत्राचा ‘फिंगरप्रिंट’ काढतो. डिस्कचा सिरीयल नंबर, मदरबोर्डचा आयडी, नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस, प्रोसेसरचा प्रकार, असं काहीबाही गोळा करून त्याचा एक हॅश, म्हणजे गणिताने काढलेला एक आकडा, बनवतो आणि सर्व्हरला कळवतो. लायसन्स त्या हॅशला बांधलं जातं. मदरबोर्ड बदलला की हॅश बदलला आणि सर्व्हरच्या लेखी तुम्ही दुसरं यंत्र घेतलं. जुन्या यंत्रावरून लायसन्स परत करायची सोय असते, पण ती जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम उघडून वापरायची असते. तुमचा बोर्ड जळाला तेव्हा ती संधीही गेली. म्हणजे एक जागा एका मेलेल्या बोर्डाच्या नावावर कायमची अडकून पडली आहे. यंत्रं बिघडतात, दुरुस्त होतात ही साधी गोष्ट हिशेबात न धरता कुलूप लिहिलं की असं होतं.

एक गृहस्थ मला आजही आठवतात. ध्वनिसंकलनाचं काम करायचे, आमचं सॉफ्टवेअर त्यांनी पूर्ण किंमत मोजून घेतलं होतं. त्यांची तक्रार अशी की दर सोमवारी सकाळी प्रोग्रॅम ‘हे नवीन यंत्र आहे’ म्हणून अडतो. मर्यादा तीन अ‍ॅक्टिव्हेशनची होती, ती दोन आठवड्यांत संपली. त्यांनी चार वेळा फोन केला. चारही वेळा आमच्या हेल्पडेस्कने छापील प्रश्न विचारला: तुम्ही हे दुसऱ्या कुणाला दिलंय का? शेवटी त्यांनी पावतीचा फोटो, लॅपटॉपचा फोटो आणि एका आखीव कागदाचा फोटो पाठवला. त्या कागदावर तीन आठवड्यांची नोंद होती, स्वच्छ अक्षरात, तारीख आणि वेळेसकट. ‘सोमवार, नऊ वाजून पाच, डॉक लावला, बंद.’ ‘शुक्रवार, सहा वाजून वीस, डॉक काढला, घरी गेल्यावर बंद.’ तो कागद वाचून मला चूक सापडायला वीस मिनिटं लागली. मी यंत्रातल्या ‘पहिल्या’ नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस घेत होतो. त्यांच्या ऑफिसच्या डॉकला, म्हणजे लॅपटॉप टेबलावर ज्या खोक्याला जोडतात त्याला, स्वतःचं नेटवर्क पोर्ट होतं आणि डॉक लावला की यादीत ते पहिलं यायचं. एका ओळीची दुरुस्ती होती. तोवर त्यांचं एक काम दोन दिवस उशिरा गेलं होतं, आणि चार वेळा त्यांना आडून चोर म्हटलं गेलं होतं. आमची क्रॅक केलेली आवृत्ती तेव्हा इंटरनेटवर सहज मिळत होती. त्यात ही अडचण नव्हती, कारण क्रॅक करणाऱ्याने ती तपासणीच काढून टाकली होती. त्या दिवसापासून मी या विषयाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

घड्याळाचंही असंच. मुदतीचं लायसन्स असेल तर ग्राहक तारीख मागे नेऊन मुदत वाढवेल अशी धास्ती असते. म्हणून प्रोग्रॅम शेवटची पाहिलेली वेळ कुठेतरी लपवून नोंदतो, आणि आजची वेळ तिच्यापेक्षा मागची दिसली की कुलूप घालतो. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि प्रामाणिक माणूस फसवणूक करणारा ठरतो. काही कुलपं तर वेळ नीट लावल्यावरही उघडत नाहीत, कारण ‘छेडछाड झाली’ अशी खूण आत पडून राहिलेली असते. हे किती मोठ्या प्रमाणावर घडू शकतं ते १ मार्च २०१० ला दिसलं. सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ३ यंत्रांच्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं. तारीख चुकली आणि जगभरात लोकांना नेटवर्कवर जाता येईना, पैसे देऊन डाउनलोड केलेले कितीतरी गेम सुरूच होईनात. दुसऱ्या दिवशी तारीख आपोआप जुळली तेव्हा सगळं सुरळीत झालं. ग्राहकाने काही केलेलं नव्हतं आणि करण्याजोगं त्याच्या हातात काही नव्हतंही.

पण सगळ्यात वाईट असतं ते सर्व्हर बंद पडणं, कारण त्याला दुरुस्ती नाही. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या दुकानातून कुलूपबंद गाणी विकली होती. एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळवण्यात आलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही, म्हणजे संगणक बदलला की विकत घेतलेली गाणी मुकी. आरडाओरड झाल्यावर ती मुदत वाढवली गेली. त्याच वर्षी याहूच्या संगीत दुकानानेही किल्ल्यांचे सर्व्हर बंद केले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ई-पुस्तकांचं दुकान बंद झालं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंच गेली. पैसे परत मिळाले, पण पुस्तक घेतलेल्याला पुस्तक हवं असतं. अ‍ॅमेझॉनने जुलै २००९ मध्ये ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेल्या टिपणांचे संदर्भच त्यामुळे हरवले. ती टिपणं तर त्याची स्वतःची होती.

गेमच्या बाबतीत हे अजून उघड आहे. सिमसिटी मार्च २०१३ मध्ये आला तेव्हा एकट्याने खेळायलाही सतत इंटरनेट लागायचं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत उभे राहिले. वर्षभराने ऑफलाइन खेळायची सोय आली, म्हणजे ती देता येत होती. यूबिसॉफ्टचा द क्रू हा २०१४ चा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भागही गेला, आणि लोकांच्या खात्यांतून लायसन्सही काढून घेतलं गेलं. त्यातूनच गेम बंद करताना निदान खेळता येईल अशा स्थितीत सोडा, असं म्हणणारी ग्राहकांची चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियाने कायदा केला की १ जानेवारी २०२५ पासून, वस्तू काढून घेता येण्याजोगी असेल तर ‘खरेदी करा’ म्हणण्याआधी हे फक्त लायसन्स आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. कायदा छोटा आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. दरमहा वर्गणी भरून पाहतो तिथे कुलूप आहे याचा मला राग नाही. तिथे भाड्याचा व्यवहार आहे आणि तो दोघांना ठाऊक आहे. राग ‘खरेदी’ या शब्दाचा आहे.

नीट वागायचं ठरवलं तर वागता येतं हेही इथेच सांगतो. अडोबीने सीएस-२ या जुन्या संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना, २०१३ च्या सुरुवातीला, जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन लागणारच नाही अशी आवृत्ती आणि सिरीयल नंबर उपलब्ध करून दिले. तुमच्या कंपनीकडे नेमकी हीच मागणी करायची आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

व्हिडिओचं जग आणखी गुंतागुंतीचं, कारण तिथे एका कुलपाऐवजी साखळी असते. प्लेअर, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स चिप, केबल, टीव्ही, सगळ्यांनी एकमेकांना ओळख पटवायची. एकही कडी निखळली की चित्र अडलं. गूगलच्या वाइडव्हाइन या व्हिडिओच्या कुलपात एल-१, एल-२, एल-३ असे स्तर आहेत. एल-१ म्हणजे सगळं काम चिपच्या सुरक्षित भागात, एल-३ म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरवर. फोन एल-३ वर असेल तर बऱ्याच सेवा मुद्दाम कमी दर्जाचं चित्र पाठवतात. पडदा कितीही चांगला असो आणि वर्गणी सगळ्यात महागडी का असेना, चित्र धूसरच. घेताना खोक्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं.

एका सभागृहात मी तांत्रिक मदतीला गेलो होतो. आयोजकांनी सिनेमा दाखवण्याचे हक्क पैसे देऊन, कागदपत्रांसकट घेतले होते. लॅपटॉपवर चित्र दिसत होतं, प्रोजेक्टरवर मात्र आवाज येत होता आणि पडदा काळा. दीडशे माणसं बसलेली. केबल बदलली, रिझोल्युशन खाली आणलं, प्लेअर पुन्हा टाकला. शेवटी लक्षात आलं की मधे एक एचडीएमआय स्प्लिटर होता, एक वायर प्रोजेक्टरला आणि एक बाजूच्या टीव्हीला नेणारा. त्या टीव्हीला जुनी एचडीसीपी कळत होती, नवी नाही. साखळीतलं सगळ्यात जुनं यंत्र नापास झालं म्हणून सगळ्यांचं चित्र बंद. टीव्हीची वायर उपटली आणि सिनेमा सुरू झाला, पस्तीस मिनिटं उशिरा. हक्क विकत न घेता कुठून तरी उतरवलेली फाइल लावली असती तर पहिल्या मिनिटाला चालली असती. हे वाक्य त्या दिवशी तिथल्या एका ज्येष्ठ आयोजकांनी मला हळूच म्हणून दाखवलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोर-के ब्लू-रे घेतलेल्यांचं दुःख तर वेगळंच. संगणकावर त्या डिस्का अधिकृतपणे लावायच्या तर इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षित कप्प्याची सोय सक्तीची होती. इंटेलने २०२१ मधल्या ११व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून ती काढून टाकली. म्हणजे ज्याने जास्त पैसे खर्चून नवा, जलद संगणक घेतला त्याच्याच डिस्का लागेनात, आणि उपाय काय, तर जुनं यंत्र सांभाळा.

कुलूप नुसतं गैरसोयीचं न राहता घातक कसं होतं ते २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींनी दाखवलं. त्यातल्या ५२ अल्बमांवर एक्ससीपी नावाचं कुलूप होतं. सीडी विंडोज संगणकात घातली की ते गुपचूप बसायचं आणि स्वतःला लपवण्यासाठी रूटकिटचं तंत्र वापरायचं. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारं नाव असलेली कुठलीही फाइल संगणकाला दिसायचीच नाही. ३१ ऑक्टोबर २००५ ला विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी हे उघड केलं. काही दिवसांतच व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फाइलींना तीच अक्षरं लावून त्याच आडोशाला लपायला सुरुवात केली. ते कुलूप हाताने काढायला जावं तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा, आणि कंपनीने दिलेल्या काढायच्या साधनाने आणखी एक भोक पाडलं. सीडी अखेर बाजारातून परत मागवाव्या लागल्या. तीच गाणी फुकट उतरवणाऱ्याचा संगणक या सगळ्यापासून सुरक्षित राहिला.

अंध वाचकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. मजकूर नक्कल होऊ नये म्हणून पुस्तकावर कुलूप घातलं की अनेकदा स्क्रीन रीडरलाही तो मजकूर मिळत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने वाचणं आणि उचलणं यात फरक नाही. २००९ मध्ये किंडल २ मध्ये पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायची सोय आली तेव्हा अमेरिकेतल्या लेखक संघटनेने आक्षेप घेतला, आणि कुठल्या पुस्तकाला ती सोय ठेवायची हे प्रकाशकांवर सोडलं गेलं. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला आहे. अंधांना वाचता यावं म्हणून त्यातून सूट आहे, पण ती दर तीन वर्षांनी नव्याने मंजूर व्हावी लागते. विकत घेतलेलं पुस्तक वाचण्यासाठी दर तीन वर्षांनी परवानगी लागावी, याला काय म्हणावं.

मग कंपन्या हे का सोडत नाहीत? मूर्खपणा हे उत्तर सोपं आहे, पण खरं नाही. पहिलं कारण करारांचं. सिनेमा विकणाऱ्या सेवेला चित्रपटकंपन्या कुलपाशिवाय सिनेमा देतच नाहीत, तिथल्या अभियंत्याला निवडच नसते. दुसरं कारण मी बैठकांमध्ये पाहिलं आहे: चोरीमुळे बुडालेल्या विक्रीचा आकडा कुणीही फुगवून मांडू शकतो, पण कुलपाला कंटाळून निघून गेलेला ग्राहक कुठल्याच तक्त्यात येत नाही. तो भांडत नाही, नुसता जातो. तिसरं, गेमची बहुतेक विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते, आणि डेनुव्होसारखं कुलूप तेवढे आठवडे टिकलं तरी प्रकाशकाला पुरतं. हा युक्तिवाद मला पटतो, एका अटीवर: ते आठवडे संपले की कुलूप काढा. काही प्रकाशक तसं करतातही. जे करत नाहीत, त्यांच्या ग्राहकाला फुटलेल्या कुलपाचं ओझं वर्षानुवर्षं वाहावं लागतं.

कुलूप काढलं की धंदा बुडतो, या भीतीला संगीताने केव्हाच उत्तर दिलं आहे. २००७ मध्ये ईएमआयने आयट्यून्सवर कुलपाशिवाय गाणी द्यायला सुरुवात केली, २००९ पर्यंत बाकीच्या बड्या कंपन्याही आल्या. टोरांटो विद्यापीठातल्या एका संशोधिकेने या काळातली विक्री तपासली तेव्हा कुलूप काढल्यावर डिजिटल विक्री सुमारे १० टक्क्यांनी वाढलेली दिसली. कमी खपणाऱ्या अल्बमांची वाढ तर ३० टक्क्यांच्या घरात होती. पुस्तकांत टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये ई-पुस्तकांवरची कुलपं काढली आणि वर्षभराने त्यांच्या ब्रिटिश शाखेने सांगितलं की चोरी वाढल्याचं काही दिसलं नाही. जुन्या गेमपासून सुरुवात केलेलं जीओजी हे दुकान २००८ पासून कुलपाशिवायच विकत आलं आहे.

आता तुमचं काम. आधी एक सांगतो: मित्राची क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. ते पैसे तुम्ही भरलेत म्हणून नैतिकदृष्ट्या तुम्हाला त्यात काही वावगं वाटणार नाही, मी समजू शकतो. पण क्रॅकबरोबर आत काय आलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि ज्या यंत्रावर पोटापाण्याचं काम चालतं तिथे तो धोका घेऊ नये. शिवाय कंपनीशी भांडायची तुमची बाजू त्याने कमकुवत होते.

कंपनीला पुन्हा लिहा, पण ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ असं लिहू नका. त्याला ‘नवीन घ्या’ हेच छापील उत्तर येतं. नेमकी मागणी करा: अ‍ॅक्टिव्हेशनची मोजणी शून्यावर आणा. बहुतेक सर्व्हरवर हे काम हेल्पडेस्कच्या पडद्यावरच्या एका बटणाचं असतं, मी ते बटण बनवलेलं आहे. ते जमत नसेल तर ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशनची फाइल मागा, आणि सर्व्हरच बंद झाला असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी शेवटची आवृत्ती मागा. पत्रात ‘कायमचं लायसन्स’ हे शब्द पावतीवर किंवा विक्रीच्या पानावर जसे होते तसे उतरवा. पहिल्या पायरीवरचा माणूस नाही म्हणाला तर लायसन्सिंग टीमकडे पाठवायला सांगा. तिथे मदरबोर्ड बदलल्याची प्रकरणं रोज येतात आणि तिथल्या लोकांना ती समजतात. त्यानंतरही नकारच आला तर ग्राहक तक्रारीचा मार्ग मोकळा आहे. तिथे लेखी नकार हाच तुमचा पुरावा असतो, म्हणून फोनवर बोलणी करू नका.

सॉफ्टवेअर पुन्हा सुरू झालं की ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात, टाकता येतं का ते लायसन्सच्या अटींत बघा. परवानगी असेल तर तोच सगळ्यात चांगला उपाय. प्रोग्रॅमला दिसणारा ‘मदरबोर्ड’ मग कधीच जळत नाही, आणि सगळं यंत्र एका फाइलसारखं उचलून नव्या लॅपटॉपवर नेता येतं. इन्स्टॉलरची फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवा, कंपनीच्या साइटवर ती कायम राहील असं धरू नका. आणि यापुढे यंत्र दुरुस्तीला देण्याआधी, ते सुरू होत असेल तोवर, लायसन्स परत करून ठेवायची सवय लावा. नवीन काही घेताना विकणाऱ्याला मी एवढंच विचारतो: तुमचा सर्व्हर उद्या बंद झाला तर हे चालेल का? जो लेखी उत्तर देतो त्याच्याकडून घेतो.

तुम्ही किंवा हे वाचणारं कुणी स्वतः सॉफ्टवेअर विकत असाल तर तुम्हालाही सांगणं आहे. आज मी कुलूप लिहितो तेव्हा फिंगरप्रिंटचे पाच घटक घेतो आणि तीन जुळले तरी तेच यंत्र मानतो. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम तीस दिवस निमूट चालतो. मर्यादा ओलांडली तरी काम थांबत नाही, आम्हाला फक्त नोंद दिसते, आणि एकच सिरीयल दोनशे यंत्रांवर दिसला तर माणूस ते बघतो. सर्व्हर बंद करायची वेळ आली तर द्यायची मोकळी आवृत्ती पहिल्याच दिवशी तयार करून ठेवलेली असते. यातून थोडी चोरी सुटते. सुटू दे. ती तशीही सुटतच होती.

आणि तुमचा जुना मदरबोर्ड दुरुस्तीवाल्याकडे अजून पडून असेल तर तो आजच मागून घ्या. त्यावरच्या स्टिकरचा फोटो आणि दुरुस्तीचं बिल पत्राला जोडा. लायसन्सिंग टीमच्या नोंदीत जुन्या यंत्राचा तपशील असेल तर त्याच्याशी तो सिरीयल नंबर ताडून बघता येतो, आणि तो जुळला की तुमच्या खरेपणाबद्दल आणखी काही विचारायचं उरत नाही.